प्रोसेसरला फीचर नसेल तर कंपायलरच्या टेस्टचं काय करायचं

जीसीसी किंवा एलएलव्हीएम या कंपायलरवर नवीन काम सुरू केलंत की कधीतरी हे होणारच, तुम्ही लिहिलेली एव्हीएक्स-५१२ची (काही प्रोसेसरमध्येच असलेल्या इन्स्ट्रक्शनच्या संचाची) टेस्ट तुमच्या मशीनवर मस्त चालते आणि दुसऱ्याच्या मशीनवर इलीगल इन्स्ट्रक्शन म्हणून मरते. अशा वेळी बरेच जण टेस्टवर सरळ एक्सफेल ही खूण लावून मोकळे होतात. ते करू नका प्लीज. एक्सफेल म्हणजे टेस्ट चालणार आणि फेल होणार हे आपल्याला माहीत आहे, बग आहे म्हणून. प्रोसेसरमध्ये फीचरच नाही हा काही बग नाही, तिथे अनसपोर्टेडच, म्हणजे इथे ही टेस्ट लागूच नाही अशी खूण पाहिजे. आणि एक्सफेलवाली टेस्ट फीचर असलेल्या मशीनवर पास झाली की एक्सपास, म्हणजे अनपेक्षित पास, येतो, एलएलव्हीएमचा टेस्ट चालवणारा लिट तर त्यालाही फेल्युअरच धरतो.

आधी बघा की टेस्टला खरंच हार्डवेअर लागतं का. एलएलव्हीएमच्या कोडजेन (कोड तयार करण्याच्या) टेस्ट एलएलसीला, म्हणजे असेंब्ली काढणाऱ्या टूलला, फीचर चालू करायला सांगतात आणि निघालेली असेंब्ली फाइलचेक या मजकूर जुळवणाऱ्या टूलने तपासतात, काहीच रन होत नाही, त्यामुळे जुन्या लॅपटॉपवरही चालतात, फक्त त्या प्रोसेसरसाठी कोड काढणारा भाग, म्हणजे बॅकएंड, बिल्डमध्ये हवा.

जीसीसीत मात्र नीट लक्ष द्या. तिथे टेस्ट कधी चालवायची याची अट इफेक्टिव्ह टार्गेट म्हणून जी लिहितो त्यातलं साधं एव्हीएक्स५१२एफ (एव्हीएक्स-५१२चा मूळ भाग) एवढंच बघतं की कंपायलर आणि असेंबलरला ती इन्स्ट्रक्शन कळते का, प्रोसेसरला ती चालवता येते का हे नाही. त्यासाठी शेवटी रनटाइम लावलेलं वेगळं नाव आहे. आय३८६च्या (इंटेल-एएमडी प्रोसेसरच्या) बऱ्याच जुन्या टेस्ट तर एक चेक हेडर घेतात, ते सीपीयूआयडी इन्स्ट्रक्शनने प्रोसेसरलाच त्याची फीचर विचारतं, ऑपरेटिंग सिस्टिमने ते रजिस्टर चालू केलेत का तेही बघतं, आणि नसेल तर मेनमधून गुपचूप शून्य रिटर्न. म्हणजे रिपोर्टमध्ये पास! मला हे अजिबात पटत नाही, कारण आतला कोड एकदाही चाललेला नसतो आणि आपण निवांत.

स्किप लावताना अख्खं आर्किटेक्चर वगळू नका, नेमकं फीचर सांगा. इंटेलच्या २०२१च्या अल्डर लेक प्रोसेसरमध्ये आधीचं एव्हीएक्स२ आहे पण एव्हीएक्स-५१२ अधिकृतपणे नाही, तेव्हा एक्स८६ (इंटेल-एएमडीचं आर्किटेक्चर) आहे म्हणजे सगळं असेल असं धरून चालत नाही. तसं मशीन हाताशी नसेल तर इंटेलचा एसडीई एम्युलेटर (नसलेल्या इन्स्ट्रक्शन सॉफ्टवेअरमध्ये चालवणारा) वापरा, हळू आहे पण टेस्ट खरोखर रन होते, आणि पॅचसोबत कशावर चालवलं ते स्पष्ट लिहा.