बांधलेलं इंजिन धूर मारतंय? हेड उतरवण्याआधी हे तपासा

इंजिन खोलून पुन्हा बांधून झालं, गाडी सुरू झाली आणि मागून निळा धूर आला, की ‘रिंग्ज चुकल्या, पुन्हा खोला’ असा निकाल लगेच दिला जातो (रिंग्ज म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या). कधी तो खराही ठरतो. पण तिथवर जायच्या आधी तपासण्यासारखं बरंच आहे, आणि त्यातलं निम्मं काम प्लगपाना आणि डिपस्टिक (तेलाची पातळी बघायची पट्टी) एवढ्यावर भागतं. बाहेरून सुरुवात करायची, हेड (सिलिंडरवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) सगळ्यात शेवटी.

१. आधी गाडी चालवून तापवा

जोडणी करताना पिस्टन, रिंग्ज आणि सिलिंडरच्या भिंती तेलाने माखलेल्या असतात. ते तेल पहिल्या काही मिनिटांत जळून जातं. जुनं इंजिन ऑइल खात असेल, तर सायलेन्सरमध्येही तेल साचलेलं असतं आणि ते गाडी चांगली तापल्याशिवाय जळत नाही. त्यामुळे गाडी जागेवर चालू ठेवून धूर बघत बसू नका.

तसं केल्याने उलट नुकसान होतं. रिंग बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) घट्ट टेकते ती मुख्यतः जळणाऱ्या वायूच्या दाबाने. हा दाब रिंगच्या मागे शिरून तिला भिंतीवर रेटतो. आयडलिंगला तो अगदी कमी असतो. मग रिंग बसायची राहते, होनिंगच्या (भिंत घासून मुद्दाम पाडलेल्या) बारीक चऱ्यांत तेलाचा थर भाजून बसतो आणि भिंत गुळगुळीत होते. त्यापेक्षा मोकळ्या रस्त्यावर, इंजिन तापल्यावर, वरच्या गिअरमध्ये मध्यम वेगावरून दमदार एक्सलरेटर द्या, मग पाय काढून गाडी गिअरमध्येच सावकाश उतरू द्या. असं पुन्हा पुन्हा करा. फक्त तापमान आणि ऑइल प्रेशरवर नजर हवी. पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये तेल थोडं जास्त जाणं चालतं. अर्धा-पाऊण तास असं चालवूनही मागची गाडी दिसेनाशी होईल इतका धूर येत असेल, किंवा प्लग तेलाने भिजून बंद पडत असेल, तर मात्र ‘रिंग्ज बसतील हळूहळू’ म्हणून वाट बघू नका.

२. रंग बघा, पण रंगावर थांबू नका

निळसर, जळक्या तेलाच्या वासाचा धूर म्हणजे ऑइल. काळा म्हणजे पेट्रोल किंवा डिझेल जास्त जातंय. तो इंधनाच्या बाजूचा प्रश्न आहे, रिंग्जवर संशय घ्यायचं कारण नाही. थंड इंजिनची पांढरी वाफ पाच-दहा मिनिटांत विरते, ती सोडून द्या. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला, त्याला गोडसर वास असला आणि कूलंटची पातळी उतरत असली, तर हेड गॅस्केट किंवा हेडला तडा गेल्याचा संशय घ्यावा. डिझेल गाडीत पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचाही असतो. त्याने डोळे चुरचुरतात.

३. धूर कधी येतो ते लिहून ठेवा

माझ्या मते सगळ्यात जास्त माहिती इथे मिळते, आणि नेमकं हेच कोणी विचारत नाही.

रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताच निळा भपकारा आला आणि मग धूर थांबला, तर व्हॉल्व्ह सील किंवा गाईड (गाईड म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी, सील तिथे तेल अडवतं). हेडमधलं तेल गाईडवाटे खाली झिरपून साचलेलं असतं. सिग्नलला बराच वेळ थांबून निघताना भपकारा आला, तरी बोट तिकडेच. चढावर, भार घेताना, सतत धूर येत असेल तर रिंग्ज. लांब उतारावर गिअरमध्ये पाय काढून उतरल्यावर, पुन्हा एक्सलरेटर देताच ढग निघाला, तर बहुतेक जण गाईडचं नाव घेतात. हे अर्धंच बरोबर आहे. थ्रॉटल बंद असताना सिलिंडरमध्ये जोराची ओढ तयार होते. ती गाईडमधून तेल ओढते, तशी खराब ऑइल रिंगच्या (तेल खरवडणाऱ्या रिंगच्या) बाजूनेही वर ओढते. त्यामुळे एकट्या या खुणेवरून निकाल देऊ नये.

बघण्यासाठी दुसऱ्या कोणाला तरी मागून गाडी घेऊन यायला सांगा. आरशात हलका धूर दिसत नाही. आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

४. सोपी कारणं आधी वगळा

सपाट जागेवर, इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिक बघा. ऑइल वरच्या खुणेच्या पुढे असेल तर क्रँक (पिस्टनने फिरणारा खालचा दांडा) ते घुसळते आणि ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) तेल इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जायच्या वाटेत, जातं. जास्तीचं काढा, धूर गेला तर विषय संपला.

मग ब्रीदर आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह (ही वाफ इनटेकमध्ये सोडणारी झडप). इंजिन बांधताना हा जुनाच परत बसवला जातो. अडकला की क्रँककेसमधला (क्रँकभोवतीच्या कप्प्यातला) दाब निघायला वाट राहत नाही, किंवा तेल थेट इनटेकमध्ये ओढलं जातं. तापलेल्या इंजिनच्या आयडलिंगला ऑइल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर कागद धरा. बहुतेक पेट्रोल इंजिनांत कागद हलकासा आत ओढला जातो. तो उडायला लागला तर पीसीव्ही चोंदलाय, किंवा रिंग्जच्या बाजूने कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) खाली मारतंय. नवा व्हॉल्व्ह लावून पुन्हा बघा.

टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) असेल तर त्याचा इनटेकचा पाइप सोडून आत बघा. तेलाचा हलका थर चालतो, थारोळं चालत नाही. बांधकामानंतर एक ठरलेली चूक इथे सापडते: टर्बोच्या रिटर्न पाइपच्या तोंडाशी सिलिकॉनचा गोळा अडकलेला असतो, तेल खाली उतरत नाही आणि सीलमधून बाहेर येतं. निळा धूर मारणाऱ्या टर्बो डिझेलला उगाच रेस देऊ नका. इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत पळायला लागलं तर किल्ली फिरवूनही थांबत नाही.

५. प्लग काढा, क्रमाने ठेवा

एकच प्लग काळा-ओला असेल तर दोष त्या सिलिंडरमध्ये. सगळे सारखेच तेलकट असतील तर कारण सामाईक: पीसीव्ही, टर्बो, होनिंग, किंवा सगळीकडे एकाच पद्धतीने चुकीच्या बसलेल्या रिंग्ज. तेल फक्त प्लगच्या वरच्या भागावर असेल तर ते जळत नाहीये, व्हॉल्व्ह कव्हरच्या सीलमधून प्लगच्या खोबणीत गळतंय.

६. कॉम्प्रेशन मोजा, पण आकड्यावर भाळू नका

इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इंधन आणि इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा. स्टार्टर पाच-सहा फेऱ्या फिरवा. पेट्रोल इंजिनला साधारण १० ते १४ बार मिळतात, पण खरा आकडा तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमधला. सिलिंडरांमधला फरक १० ते १५ टक्क्यांच्या आत हवा. कमी दाखवणाऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग्ज, जिथल्या तिथे राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. ही तेलाची चाचणी डिझेलवर करू नका.

आता सापळा. कॉम्प्रेशन वरच्या दोन रिंग्ज धरतात, तेल खरवडायचं काम तिसऱ्या, म्हणजे ऑइल रिंगचं. ती बिघडली तरी कॉम्प्रेशन उत्तम येऊ शकतं. शिवाय तेलाने भिजलेला सिलिंडर खोटा जास्त आकडाही दाखवतो. म्हणून ‘कॉम्प्रेशन छान आहे, म्हणजे रिंग्ज ठीक’ हे वाक्य मान्य करू नका. शक्य असेल तर बोरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) आत सोडा. पिस्टनच्या डोक्याची कडा सगळीकडून ओली, धुतल्यासारखी स्वच्छ असेल तर तेल रिंग्जवाटे वर येतंय. इनटेक व्हॉल्व्हच्या मागे तेलाचा जाड, काळा थर असेल तर ते गाईडवाटे उतरतंय.

७. किती जातंय ते मोजा

वरच्या खुणेपर्यंत भरा, किलोमीटर लिहा, ५०० किलोमीटरनंतर त्याच जागी, त्याच अवस्थेत बघा आणि पुन्हा खुणेपर्यंत यायला किती मिलिलिटर लागलं ते मोजून टाका. खाली पुठ्ठा घालून गळती नाही ना, तेही बघा. १००० किलोमीटरला एक लिटरच्या आसपास जात असेल तर बांधलेल्या इंजिनसाठी ते फार झालं. जळणारं तेल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सरही खराब करतं. आकडा दर ५०० किलोमीटरला उतरत असेल तर इंजिन खोलू नका, वाट बघा, रिंग्ज बसतायत.

८. उघडावंच लागलं तर

आधी व्हॉल्व्ह सील. बऱ्याच इंजिनांत ते हेड न उतरवता बदलता येतात. बसवताना व्हॉल्व्हच्या खाचेवर प्लास्टिकची टोपी न घातल्याने सीलचं ओठ फाटलेलं असू शकतं. सील नवे असूनही व्हॉल्व्ह बोटाने हलवल्यावर डुलत असेल तर गाईड ढिले आहेत, नुसत्या सीलने भागणार नाही. हेडमधली तेल खाली उतरायची भोकं सिलिकॉनने बुजली नाहीत ना, तेही बघा.

पिस्टन काढल्यावर रिंग्ज लगेच उतरवू नका, आधी जशा आहेत तशा बघा आणि फोटो काढा. दुसरी रिंग खूण वर ठेवून बसवलीय का? उलटी बसली की ती तेल खाली ढकलण्याऐवजी वर नेते. तीन तुकड्यांच्या ऑइल रिंगमध्ये मधल्या जाळीची टोकं एकमेकांना टेकलेली हवीत, एकावर एक चढलेली नकोत. चढली असली की रिंगला ताण मिळत नाही आणि तो सिलिंडर पहिल्या दिवसापासून ऑइल खातो. मग बोअरकडे बघा. तिरपे चरे एकमेकांना छेदताना स्पष्ट दिसायला हवेत. भिंत चकचकीत झाली असेल तर पुन्हा होनिंग, साबणाच्या गरम पाण्याने धुलाई (पेट्रोलने धुतल्याने चऱ्यांतली बारीक कीस निघत नाही), लगेच तेलाचा हात आणि नव्या रिंग्ज. चाललेल्या रिंग्ज नव्या होनिंगवर परत घालू नका.