ग्रीस गन वापरताना या चुका टाळा: हात मारले म्हणजे ग्रीस पोचलंच असं नाही

पोकलेनच्या बकेटची पिन खराब झाली म्हणून काढली, की बऱ्याचदा एकच चित्र दिसतं. निप्पलभोवती (ग्रीस आत सोडायच्या छोट्या तोंडाभोवती) ग्रीसचा जाड गोळा, बाहेरून सगळं चिकट. आत मात्र पिनच्या एका बाजूला ग्रीसचा मागमूस नाही, धातू उघडा पडलेला आणि त्यावर बोटाला लागतील असे चरे. अशा मशीनचं ग्रीसिंग रोज झालेलं असतं, रजिस्टरमध्ये सहीही असते. गनचे हात मारले गेले, म्हणजे दांडा दाबला गेला, पण ग्रीस जिथे जायला हवं तिथे गेलंच नाही. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे: ग्रीसिंग करणाऱ्याची नजर गनवर असते, सांध्यावर नसते.

गन घेताना नुसता दाब बघणं

साधी हाताची लिव्हर गनसुद्धा १०,००० पीएसआयपर्यंत, म्हणजे जवळजवळ ६९० बार दाब काढू शकते. त्यामुळे ‘जास्त दाबाची गन द्या’ या मागणीला फारसा अर्थ नाही. उलट हवेवर चालणाऱ्या पंपाचं गुणोत्तर ५०:१ असेल आणि लाइनमध्ये ७ बार हवा असेल, तर ग्रीसचा दाब ३५० बारच्या आसपास जातो. म्हणूनच हवेच्या पंपाला दाद न देणारं निप्पल कधीकधी लिव्हर गनने सुटतं.

गन ठरवायची ती काम बघून. पाच-दहा पॉइंट असतील तर लिव्हर गन पुरते. दुसऱ्या हाताने कपलर (निप्पलवर बसणारं गनचं टोक) धरून ठेवावा लागतो अशा अडचणीच्या जागी एका हाताची पिस्तूल गन बरी. रोज मोठ्या मशीनचे तीस-चाळीस पॉइंट करायचे असतील, तर बॅटरी गनमुळे हात वाचतो. दमलेला हेल्पर शेवटचे चार पॉइंट गाळतो, हे लक्षात घेतलं तर बॅटरी गनचा खर्च वाया जात नाही. मात्र तिच्यात हाताला लागणारा अंदाज जातो. लिव्हर गनमध्ये ग्रीस अडलं की दांडा लगेच जड लागतो. बॅटरी गन तशीच रेटत राहते आणि सील बाहेर आल्यावरच कळतं.

माझं मत विचाराल तर गनपेक्षा कपलर आणि होजवर (गनच्या लवचिक नळीवर) दोन पैसे जास्त घाला. कपलरचे जबडे झिजले की निम्मं ग्रीस निप्पलच्या बाजूने बाहेर येतं, आणि होज गनच्या कमाल दाबाला पुरेल असा नसेल तर तो हातात फुटतो.

हात मोजणं, पण एका हाताला किती ग्रीस हे माहीत नसणं

‘प्रत्येक पॉइंटला पाच हात’ असा नियम अनेक ठिकाणी चालतो. पण एक गन एका हाताला अर्धा ग्रॅम देते, दुसरी दीड ग्रॅम. गन बदलली की तेच पाच हात तिप्पट होतात, नाहीतर तिसऱ्या हिश्श्यावर येतात. उपाय सोपा आहे. कागद वजनकाट्यावर ठेवा, त्यावर दहा हात मारा, आलेल्या वजनाला दहाने भागा आणि तो आकडा रंगाने गनवरच लिहून टाका.

पिन-बुश (पिन आणि तिच्याभोवतीची बाही) आणि मोटर-पंख्याचं बेअरिंग यांना एकच नियम लावणं ही त्याहून मोठी चूक. पिनच्या सांध्यात जुनं, काळं, मातकट ग्रीस बाहेर ढकलायचं असतं. तिथे हात मोजू नका, कड बघा. आधी काळं, मग मळकट आणि शेवटी ताज्या रंगाचं ग्रीस बाहेर आलं की थांबा. ते दोन्ही कडांनी यायला हवं. एकाच बाजूने येत असेल तर दुसरी बाजू कोरडी आहे असं समजा. कडेला राहिलेली ग्रीसची वळी पुसू नका, तीच माती-पाणी अडवते.

प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसलाही (चार टोकांच्या सांध्यालाही) हीच गोष्ट लागू आहे: चारही टोकांच्या सीलमधून ग्रीस दिसलं पाहिजे. तीन टोकांनी आलं आणि चौथं कोरडं राहिलं, तर आवाज त्या चौथ्यापासूनच सुरू होतो.

मोटर किंवा पंख्याच्या बेअरिंगचं गणित उलटं आहे. तिथे जास्त ग्रीस म्हणजे नुकसान: ते घुसळलं जातं, तापतं आणि सील बाहेर ढकलतं. पुन्हा ग्रीस भरताना चालणारं सूत्र असं: बेअरिंगचा बाहेरचा व्यास आणि रुंदी मिलिमीटरमध्ये घ्या, त्यांचा गुणाकार करा, त्याला ०.००५ ने गुणा, उत्तर ग्रॅममध्ये. ११० मिमी व्यास आणि २७ मिमी रुंदी असेल तर साधारण १५ ग्रॅम. ड्रेन प्लग (जुनं ग्रीस बाहेर काढायचं बूच) असेल तर आधी तो उघडा, मग सावकाश भरा. दोन्ही बाजूंनी कायमचं सीलबंद बेअरिंग असेल, तर त्याला गन लावायचीच नाही.

घाण आत भरणं

निप्पल न पुसता कपलर बसवला, की पहिल्या हातालाच कपलरखालची माती थेट बुशमध्ये जाते. ग्रीसमध्ये मिसळलेली बारीक वाळू पिन घासून काढते. अशा ग्रीसिंगपेक्षा त्या दिवशी ते न केलेलं परवडतं. आधी फडक्याने निप्पल पुसा, गनमधून थोडं ग्रीस बाहेर काढून कपलरचं तोंड साफ करा, मगच लावा. निप्पलवर टोपी असेल तर काम झाल्यावर ती परत बसवा. उघडी बादली हे घाणीचं दुसरं दार. धुळीच्या साइटवर ४०० ग्रॅमची कार्ट्रिज (ग्रीस भरलेली बंद नळी) म्हणूनच चांगली.

ग्रीस जात नाही, तेव्हा जोर लावणं

दांडा जड लागतोय किंवा ग्रीस कपलरमधूनच परत येतंय, तर क्रमाने शोधा. आधी गन कशालाही न लावता चालवा. ग्रीस येत नसेल किंवा थांबून-थांबून फसफसत येत असेल तर गनने हवा धरली आहे. येत असेल तर दुसऱ्या, चालू निप्पलवर लावून बघा. तिथे व्यवस्थित जात असेल, तर दोष पहिल्या पॉइंटमध्ये आहे. मग ते निप्पल काढा आणि बाहेर तपासा. त्यातून ग्रीस जात नसेल तर बदलून टाका. ही अगदी स्वस्त वस्तू आहे, तिच्यावर तास घालवू नका. फक्त आटे तेच आहेत ना ते बघा, कारण ६, ८ आणि १० मिमीची निप्पल शेजारी ठेवली नाहीत तर फसगत होते.

निप्पल चांगलं आणि तरी ग्रीस जात नाही? मग बहुतेक वेळा पिनवर भार असतो. बूम किंवा बकेटचं वजन पिनला बुशच्या एका बाजूवर दाबून धरतं आणि ग्रीसची वाट तिथेच बंद होते. अशा वेळी हात दुखेस्तोवर दांडा दाबण्यात अर्थ नाही. बकेट जमिनीवर टेकवून, वेगळ्या कोनात ठेवून, इंजिन बंद करून पुन्हा प्रयत्न करा; भार हलला की तेच निप्पल सहज ग्रीस घेतं. आतली वाट वाळलेल्या ग्रीसने बुजली असेल तर निप्पलच्या जागी पातळ तेल सोडून थांबा. गॅसची ज्योत लावू नका. सील जळतात, आणि बंद जागेतलं ग्रीस तापून दाबाने उसळतं.

हवा धरते ती भरताना. हाताने गोळे कोंबले की मध्ये पोकळ्या राहतात. गनचं उघडं तोंड बादलीत बुडवून मागचा, स्प्रिंगचा दांडा सावकाश ओढा. कार्ट्रिज असेल तर गनचं डोकं पूर्ण आवळण्याआधी हा मागचा दांडा मोकळा सोडा, हवेचा व्हॉल्व्ह दाबा, ग्रीस सलग आलं की मग आवळा.

कपलर निप्पलवर अडकला तर सरळ ओढू नका. आत दाब असतो. कपलर थोडा तिरका केला की तो सुटतो.

मिळेल ते ग्रीस, आहे त्या गनमध्ये

रंगावरून ग्रीस ओळखू नका, रंग फक्त टाकलेला असतो. पिन-बुशला बहुधा एनएलजीआय २ ग्रेडचं (हा ग्रेड ग्रीसचा घट्टपणा सांगतो), मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेलं ग्रीस लागतं. वेगाने फिरणाऱ्या मोटरच्या बेअरिंगला ते नको. लिथियम ग्रीसवर पॉलियुरिया किंवा बेंटोनाइटचं ग्रीस घातलं तर मिश्रण पातळ होऊन वाहून जाऊ शकतं. एका गनमध्ये एकच ग्रीस ठेवा आणि नाव गनवर लिहा.

ब्रेकरची, म्हणजे पोकलेनला लावायच्या दगड फोडणाऱ्या हातोड्याची, गोष्ट वेगळी. त्याला छिन्नीची खास पेस्ट लागते, आणि ती भरताना ब्रेकर उभा, छिन्नी जमिनीवर टेकवून वर दाबलेली हवी. तसं नसेल तर पेस्ट छिन्नी आणि पिस्टनच्या मधल्या जागेत भरते आणि पहिल्याच ठोक्याला सील फाटू शकतं. ब्रेकर सलग चालत असेल तर साधारण दर दोन तासांनी ही पेस्ट द्यावी लागते, सकाळची एक वेळ पुरत नाही.

गन ठेवताना मागचा दांडा ओढून अडकवा. स्प्रिंगचा दाब तसाच राहिला, तर ग्रीसमधलं तेल पिळून बाहेर येतं आणि मागे घट्ट साबण (ग्रीसला घट्टपणा देणारा भाग) उरतो.

हात आणि जीव

पोकलेनचा ट्रॅक (साखळीपट्टा) सैल करताना अॅडजस्टरचा, म्हणजे ग्रीसच्या दाबाने ट्रॅक ताणणाऱ्या भागाचा, व्हॉल्व्ह एका फेऱ्यापेक्षा जास्त उघडू नका, आणि त्याच्या समोर तोंड किंवा शरीर ठेवू नका. आतलं ग्रीस प्रचंड दाबाखाली असतं, व्हॉल्व्ह गोळीसारखा उडतो.

होज कपलरजवळ हातात धरू नका, गळतीवर बोट ठेवू नका. दाबाचं ग्रीस हातमोजा भेदून कातडीखाली जातं. जखम सुईच्या टोचणीएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, म्हणून माणूस काम चालू ठेवतो. आत मात्र बोट सडायला लागतं. अशा वेळी दुखायची वाट न बघता लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जा, ग्रीसचा डबा किंवा त्याचा फोटो सोबत न्या, आणि ‘मोठ्या दाबाने ग्रीस आत गेलं आहे’ हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.