बेळगाव-निपाणी-खानापूरच्या पोरांनी डिग्री अर्धी असताना चांगल्या संस्थेत जायचं म्हटलं तर

पहिलं सेमिस्टर संपलं की बऱ्याच जणांच्या डोक्यात हे येतंच, की वर्गात शंभर-सव्वाशे पोरं, प्रॅक्टिकलला एका टेबलाला सहाजण, सर चांगले आहेत खरं त्यांना आपलं नावसुद्धा माहीत नाही, मग सेकंड इयरला पुण्याला नाहीतर बेंगळूरला कुठंतरी नावाजलेल्या ठिकाणी ट्रान्सफर मिळेल काय. मिळते. खरं जिथं जावंसं वाटतं तिथं सहसा मिळत नाही, आणि जिथं मिळते तिथं जाऊन किती फायदा हा प्रश्न राहतोच. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो: उडी मारायची तर डिग्री संपताना मारा, मधेच नको. तरीपण मधेच जायचंच असेल तर त्याचीही वाट आहे, ती पण खाली सांगतो.

आधी हे बगा की आपण कुठं आहोत. राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटी २०१० ची, त्याआधी इकडची सगळी कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक युनिव्हर्सिटीखाली होती. सुरुवातीला बेळगाव, विजापूर, बागलकोट असे तीन जिल्हे एकाच विद्यापीठात. इंजिनिअरिंगवाल्यांचं व्हीटीयू १९९८ चं, हेडऑफिस आपल्याच मच्छेत खरं कॉलेजं अख्ख्या कर्नाटकात. एवढ्या मोठ्या कारभारात एका संलग्न कॉलेजातून दुसऱ्या संलग्न कॉलेजात जाणं त्यातल्या त्यात सोपं, कारण सिलॅबस तोच, युनिव्हर्सिटी तीच, दोन्ही प्रिन्सिपलांची एनओसी आणि युनिव्हर्सिटीची मंजुरी मिळाली की झालं. त्याला लोक ट्रान्सफर म्हणतात, खरं त्यानं मार्ककार्डावरचं युनिव्हर्सिटीचं नाव काही बदलत नाही.

नावाजलेल्या संस्थांचं वेगळं. धारवाडची आयआयटी २०१६ पासून हायवेनं दीड तासावर आहे, तरी तिथं बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला बाहेरून घुसायची सोय नाही, कुठल्याच आयआयटीत नाही. तिथल्या जागा एन्ट्रन्सच्या रँकवर पहिल्या वर्षालाच भरतात, पुढं एखादा सोडून गेला तरी ती जागा बाहेरच्याला देत नाहीत. तुम्हाला नव्वद टक्के असोत नाहीतर पंच्याण्णव, त्यानं काही होत नाही. कुणी एजंट 'मी करून देतो, थोडा खर्च येईल' म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

मग मधे जायला कुठं मिळतं? कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखालच्या, पुण्याच्या, गोव्याच्या कॉलेजांत जागा रिकामी असेल आणि सिलॅबस जुळत असेल तर मिळतं, ऑटोनॉमस कॉलेजं कधीकधी घेतात, प्रायव्हेट युनिव्हर्सिट्या तर आनंदानं घेतात, त्यांना फी पाहिजे असते. (निपाणीवाल्यांची गंमत वेगळीच. देवचंद कॉलेज गावाला लागून, खरं ते अर्जुननगरात, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्रात, शिवाजी विद्यापीठाखाली. रस्ता ओलांडला की राज्य आणि युनिव्हर्सिटी दोन्ही बदलतात.)

इथं खरी अडचण मार्कांची नसते, क्रेडिटांची असते, म्हणजे कुठल्या पेपरचं किती वजन धरलंय त्याची. तुम्ही दोन सेमिस्टरला जे शिकलात ते तिकडच्या दोन सेमिस्टरशी जुळतंय काय हे तिकडची कमिटी पेपर-पेपर बघते, आणि जे जुळत नाही ते तुम्हाला परत द्यावं लागतं, चालू सेमिस्टरच्या पेपरांसोबत. भाषेचे पेपर तर सहसा जुळतच नाहीत. त्यात आपल्याकडं आणखी एक गुंता झालाय. कर्नाटकनं २०२१-२२ ला नव्या शिक्षण धोरणाची (एनईपी) चार वर्षांची डिग्री सुरू केली आणि २०२४-२५ पासून परत तीन वर्षांवर आणली, ज्या आयोगाच्या सांगण्यावरून आणली त्याचे अध्यक्ष सुखदेव थोरात, म्हणजे मराठीच माणूस. महाराष्ट्र मात्र त्याच सुमारास चार वर्षांच्या रचनेकडं गेला. म्हणजे सीमेच्या अलीकडं एक ढाचा आणि पलीकडं दुसरा, आणि आपली पोरं बरोबर मधे. म्हणून सिलॅबसची कॉपी, पेपरवार क्रेडिट, किती तास थिअरी किती प्रॅक्टिकल, हे सगळं कॉलेजच्या शिक्क्यासकट आधी गोळा करा आणि मेल करून सरळ विचारा की सेकंड इयरला जागा आहे काय आणि माझे कुठले पेपर धरणार. फोनवर 'हो हो या' म्हणतात त्यावर जाऊ नका, लेखी उत्तर घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिकडची जागा लेखी पक्की होईपर्यंत इकडची टीसी काढायची नाही. टीसी कॉलेज देतं, मायग्रेशन सर्टिफिकेट युनिव्हर्सिटी देते, दोन्ही वेगळे कागद, आणि महाराष्ट्रातल्या युनिव्हर्सिटीत बाहेरून गेलात तर पात्रता प्रमाणपत्र म्हणून तिसरा कागद लागतो. टीसी एकदा निघाली की तुम्ही इकडचे नाही, आणि तिकडची जागा गेली तर तिकडचेही नाही.

आता कागदांचं थोडं सविस्तर, कारण पोरं अभ्यासात नाही, इथं अडकतात. दहावीच्या एसएसएलसी मार्ककार्डावर नाव 'रोहित एम पाटील', आधारवर 'रोहित मारुती पाटील', पीयूसीला म्हणजे बारावीला 'पाटील रोहित मारुती', हे आपल्याकडं घरोघरी. आपली पद्धत नाव-वडील-आडनाव, कन्नड शाळेतल्या क्लार्कची पद्धत इनिशियलची, आणि त्यात इंग्लिश स्पेलिंगला कुणी एक 'ए' जास्त लावलेला. इथं सगळं चालतं खरं अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा (क्रेडिट जमा राहतात त्या सरकारी ऑनलाइन खात्याचा) आयडी डिजिलॉकरमधून काढायला गेलात की आधारचं नाव आणि युनिव्हर्सिटीतलं नाव जुळलं पाहिजे, नाहीतर क्रेडिट दिसतच नाहीत. दहावीच्या कार्डावर दुरुस्ती करायची तर अर्ज शाळेतून बोर्डाकडं जातो, वेळ लागतो. दहावीवर बरोबर असेल आणि आधारच चुकलं असेल तर आधार दहावीसारखं करून घेणं सोपं, फक्त आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं एवढं लक्षात ठेवून नीट एकदाच करा. यूयूसीएमएसवर, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या ऑनलाइन पोर्टलवर, लॉगिन करून तिथलं नावसुद्धा आत्ताच बगा, फायनल इयरला नको. आणि ऑफिसात 'नाळे बर्री' (उद्या या) ऐकायची तयारी ठेवा, चिडू नका, कन्नडमध्ये दोन वाक्यं बोललात तर काम लवकर होतं हा माझा अनुभव आहे, वाद घालून कुणाचं सर्टिफिकेट लवकर निघालेलं मी बघितलेलं नाही.

जातीच्या दाखल्याचं पण बगून घ्या. आपल्याकडचं २ए, ३बी हे आरक्षणाचे गट कर्नाटकापुरते. नाडकचेरीतून काढलेलं ते सर्टिफिकेट केंद्राच्या संस्थेत तसंच्या तसं चालत नाही, तिथं केंद्राच्या ओबीसी यादीत जात आहे काय ते बघायचं आणि असेल तर केंद्राच्या नमुन्यात नॉन-क्रिमीलेअर वेगळं काढायचं, तेही चालू वर्षाचं.

उलट एक गोष्ट आपल्या बाजूची आहे आणि पोरांना ती माहीतच नसते. महाराष्ट्र सरकार सीमाभागातल्या ८६५ गावांना वादग्रस्त सीमाभाग मानतं, आणि इंजिनिअरिंगसारख्या सीईटी सेलच्या प्रवेशात या भागातल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांना 'टाइप ई' म्हणून महाराष्ट्राचे उमेदवार धरतात. त्याला सीमाभागातल्या गावाचा आणि मातृभाषेचा, असे ठरलेल्या नमुन्यातले दाखले लागतात. गाव यादीत आहे काय ते आधी बगा, मग दाखले. हे पहिल्या वर्षाच्या प्रवेशासाठी कामाचं, मधल्या ट्रान्सफरला नाही.

आता मी ज्याला खरी वाट म्हणतो ती. डिग्री इथंच करा, आणि एमएस्सी, एमए, एमटेकला वर जा. तिथं तुमचं कॉलेज कुठलं हे पहिल्या गाळणीत कुणी विचारत नाही, स्कोअर विचारतात. बीएस्सीवाल्यांना जॅम, म्हणजे एमएस्सीची प्रवेशपरीक्षा: फेब्रुवारीत असते, फॉर्म आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, फायनल इयरला असतानाच देता येते, वयाची अट नाही. सात विषयांचे पेपर, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स, बायोटेक, जिऑलॉजी, इकॉनॉमिक्स. तीन तास, ६० प्रश्न, १०० मार्क. निगेटिव्ह मार्किंग फक्त एकच उत्तर बरोबर असलेल्या प्रश्नांना, जिथं एकापेक्षा जास्त उत्तरं असतात किंवा आकडा टाईप करायचा असतो तिथं नाही, म्हणजे शेवटच्या भागातले २० आकड्यांचे प्रश्न कधीच कोरे सोडायचे नाहीत. आयआयटींची एमएस्सी याच स्कोअरवर, आणि बेंगळूरच्या आयआयएससीचं इंटिग्रेटेड पीएचडीसुद्धा. मॅथ्स-स्टॅटवाल्यांनी आयएसआय (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) आणि चेन्नईच्या सीएमआयच्या (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या) स्वतंत्र परीक्षा पण द्याव्यात, त्यात पाठांतराचा काही उपयोग नाही, बऱ्याच प्रश्नांना उत्तर कसं आलं ते लिहावं लागतं. आर्ट्स-कॉमर्सवाल्यांना सीयूईटी-पीजी ही प्रवेशपरीक्षा, त्यावर हैदराबाद, जेएनयू, दिल्ली अशी सेंट्रल युनिव्हर्सिट्यांची दारं उघडतात. इंजिनिअरिंगवाल्यांना गेट, म्हणजे एमटेकची प्रवेशपरीक्षा, थर्ड इयरपासूनच देता येते आणि स्कोअर तीन वर्षं चालतो, म्हणून थर्ड इयरला एकदा देऊन टाका, पेपर कसा असतो ते तरी कळेल.

मार्कांकडं अगदीच दुर्लक्ष नको बरं का, बऱ्याच ठिकाणी डिग्रीला ५५ टक्क्यांची अट असते, आणि एखादा बॅकलॉग राहिला तर प्रवेश मिळूनही वेळेत मार्ककार्ड देता येत नाही. आपल्याकडं रिझल्ट उशिरा लागतात हे गृहीत धरून प्रिन्सिपलांकडून 'रिझल्ट बाकी आहे' असं पत्र तयार ठेवा.

सेकंड इयरला ट्रान्सफरच्या मागं पळण्यापेक्षा ती ताकद इथं लावा. मॅथ्सच्या पोरांसाठी एमटीटीएस म्हणून उन्हाळी कॅम्प १९९३ पासून चालतो. तीन सायन्स अकॅडेम्यांची समर फेलोशिप आहे, दोन महिने कुठल्यातरी मोठ्या लॅबमध्ये काम करायला मिळतं आणि स्टायपेंड मिळतो, अर्ज साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात. मुंबईच्या होमी भाभा सेंटरचा सायन्सच्या डिग्रीच्या पोरांसाठी एनआययूएस हा कार्यक्रम आहे. इकडं मे महिना लग्नं आणि आंब्यात जातो, तेवढा एक मे सोडा.

या फॉर्मांना शिफारसपत्र लागतं आणि इथं मोठ्या वर्गाची अडचण येते, सरांना नाव माहीत नसतं. मग काय करायचं, सेमिस्टर सुरू झाल्यावर एक विषय धरा, त्याच्या सरांकडं दर आठवड्याला एक नीट तयार केलेली शंका घेऊन जा, स्टाफरूममध्ये, दुपारच्या डब्यानंतर, तेव्हा ते निवांत असतात. दोन-तीन महिन्यांनी एखादं छोटं प्रोजेक्ट मागा. पत्र मागताना नुसतं 'सर लेटर पाहिजे' असं नको, एका पानावर लिहून द्या: कुठल्या सेमिस्टरला त्यांच्याकडं काय शिकलो, किती मार्क, कुठलं प्रोजेक्ट, फॉर्मची शेवटची तारीख काय, पत्र कुठल्या मेलवर जाणार. सर कॉलेजच्या अधिकृत मेलवरून पाठवतील तर उत्तम, काही ठिकाणी जीमेल धरत नाहीत.

तिसरी वाट म्हणजे सगळं सोडून परत पहिल्या वर्षाला. सीयूईटी-यूजी ही डिग्रीची प्रवेशपरीक्षा २०२२ पासून आहे, मराठी आणि कन्नड धरून १३ भाषांत देता येते, परीक्षा घेणाऱ्या एनटीएकडून वयाची अट नाही. एक वर्ष जातं. फर्स्ट इयरलाच विषय चुकलाय असं ठाम वाटत असेल तर करा, नुसत्या नावासाठी असेल तर माझा सल्ला नको. वडिलांना हे सांगताना 'वर्ष वाया' हे शब्द घरात पंधरा दिवस ऐकावे लागतील.

जाताच येत नसेल, घरची शेती, दुकान, पैसे, काही कारण असेल, तर यूजीसीनं २०२२ पासून दोन डिग्र्या एकदम करायला परवानगी दिलीय, एक प्रत्यक्ष आणि एक ऑनलाइन चालते. आयआयटी मद्रासचं डेटा सायन्सचं ऑनलाइन बीएस बिना-जेईई, त्यांची क्वालिफायर पास झालात की प्रवेश. स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचे कोर्स आहेत, त्यांची क्रेडिट आपली युनिव्हर्सिटी धरते काय ते आधी विचारून घ्या.

अमेरिकेचं विचारणारे असतात म्हणून थोडक्यात. तिकडं मधेच युनिव्हर्सिटी बदलणं ही रोजची गोष्ट आहे, त्यासाठी वेगळा ट्रान्सफर अर्ज असतो, कॉलेजचं एक-दोन वर्षं झालेली पोरं घेतात, ट्रान्स्क्रिप्ट, प्राध्यापकांची पत्रं आणि 'का बदलायचंय' यावर निबंध. त्या निबंधात आहे त्या कॉलेजला नावं ठेवायची नाहीत, तिथं जो विषय शिकायचाय आणि इथं मिळत नाही तो नावासकट सांगायचा. खरं बाहेरच्या पोरांना ट्रान्सफरला स्कॉलरशिप फार कमी ठिकाणी मिळते, म्हणून पैशाचं गणित आधी घालायचं, निबंध नंतर.

आणि जायचं ठरलंच तर निघताना लायब्ररीचं नो-ड्यूज, लॅबचं नो-ड्यूज, ओरिजिनल एसएसएलसी-पीयूसी मार्ककार्ड आणि कॉशन डिपॉझिट हे सगळं एकाच फेरीत मागून घ्या. डिपॉझिटची पावती हरवली असली तर अॅडमिशनच्या वेळचा बँकेचा चलन नंबर चालतो काय ते काउंटरला विचारा, कारण ते पैसे मागितल्याशिवाय स्वतःहून कुणी देत नाही.