गाईड पथकाचा स्थानिक इतिहास कसा लिहावा आणि त्याच्या वस्तू कशा जपाव्यात

मुलींच्या स्काऊट किंवा गाईड पथकाचा इतिहास सहसा एका जागी सापडत नाही. कुणाच्या कपाटातला स्कार्फ, निवृत्त पथकप्रमुखांचे लॉगबुक, शिबिराच्या छायाचित्रामागे लिहिलेली नावे अशा ठिकाणी तो विखुरलेला असतो. संकलनाला निघालेल्यांना वस्तू मिळवण्याची घाई होते आणि ती कोणाची, कोणत्या प्रसंगाची, हे विचारायचे राहून जाते. माझ्या मते सर्वांत मोठे नुकसान येथेच होते.

म्हणून पहिले काम नोंदवहीचे. वस्तू हाती येताच तिला क्रमांक द्यावा आणि देणाऱ्या व्यक्तीचे नाव, ती पथकात असल्याचा काळ, वस्तूमागची हकीकत, शिवाय वस्तू कायमची दिली आहे की परत करायची आहे, हे तिच्यासमोरच लिहून घ्यावे. कागदावर व छायाचित्राच्या मागे क्रमांक मऊ पेन्सिलीने हलकेच लिहावा, कापडाला सुती फितीचा तुकडा दोन सैल टाक्यांनी जोडावा, तर धातूच्या बॅजला दोऱ्याने चिठ्ठी बांधावी.

यानंतर काळ ठरवावा. ब्रिटनमध्ये १९०९ च्या, लंडनमधील क्रिस्टल पॅलेस येथील स्काऊट मेळाव्यात मुलींनीही हजेरी लावली आणि १९१० मध्ये स्काऊट चळवळीचे संस्थापक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांच्या भगिनी अ‍ॅग्नेस यांच्या पुढाकाराने गर्ल गाईड्स संघटना उभी राहिली. त्याआधीचा म्हणून सांगितलेला गाईड बॅज साहजिकच शंकास्पद ठरतो. अमेरिकेत ज्युलिएट गॉर्डन लो यांनी १९१२ मध्ये सव्हाना येथे काम सुरू केले आणि पुढच्याच वर्षी ‘गर्ल गाईड्स’चे नाव ‘गर्ल स्काऊट्स’ झाले. भारतात गाईड संघटना १९५१ मध्ये भारत स्काऊट्स आणि गाईड्समध्ये विलीन झाली, तर गाईड्सची जागतिक संघटना १९२८ मध्ये स्थापन झाली. प्रमाणपत्रावरील संस्थेचे नाव त्यामुळे बरेच काही सांगून जाते. मात्र जुना साठा नव्या नावानंतरही वापरला जातो आणि गणवेश थोरल्या बहिणीकडून धाकटीकडे जातो, याचे भान ठेवून अशी तारीख अंदाज म्हणूनच नोंदवावी.

गणवेश घाईने धुऊ नये. बाहीवरून काढलेल्या बॅजच्या जागी कापडाचा मूळ गडद रंग आणि टाक्यांची बारीक छिद्रे दिसतात. त्या आकारावरून आधी तेथे कोणता बॅज होता, हे ताडता येते. पितळी बॅज पॉलिश केल्यास चमक येते, पण वरची कोरीव अक्षरे दरवेळी थोडी झिजतात, म्हणून कोरड्या मऊ कापडाने धूळ पुसणे पुरेसे असते. कापडाच्या घडीत आम्लरहित कागदाच्या सैल वळकट्या ठेवल्यास चिरा पडत नाहीत. कागदांवरील रबरबँड आणि गंजलेल्या टाचण्या जपून काढाव्यात, फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये, कारण ते पुढे सुरक्षितपणे काढता येत नाही. सारे काही उन्हापासून आणि ओलीपासून दूर ठेवावे. छायाचित्रे ६०० डीपीआय (दर इंचातील बिंदू) इतक्या स्पष्टतेने स्कॅन करून प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.

आता माणसांकडे वळावे. खरे तर वृद्ध सदस्यांच्या बाबतीत हे काम सर्वांच्या आधी करणे उत्तम. मुलाखतीला जाताना एखादे सामूहिक छायाचित्र सोबत न्यावे. ‘आठवणी सांगा’ असे म्हटले की बोलणे अडते, पण दुसऱ्या रांगेतली ही मुलगी कोण, तंबूचे खुंटे कोण ठोकायचे, दीक्षाविधीच्या दिवशी वचन म्हणताना कोण अडखळले, असे विचारले की एकेक नाव आपोआप येऊ लागते. ध्वनिमुद्रणाची परवानगी आधी घ्यावी. दोघींच्या सांगण्यात फरक पडला तर एकीला खोटे न ठरवता दोन्ही कथने त्यांच्या नावानिशी नोंदवावीत, आणि शाळेचे वार्षिक अंक, सभांची इतिवृत्ते व त्या काळातील स्थानिक वृत्तपत्रे यांच्याशी ती ताडून पाहावीत.

लेखन करताना पथकाची स्थापना, प्रमुखांचा क्रम, शिबिरे आणि सेवाकार्य यांचा कालानुक्रम आधी मांडावा व प्रत्येक विधानासमोर वस्तूचा किंवा मुलाखतीचा क्रमांक लिहावा. अजून अल्पवयीन असलेल्या मुलींची छायाचित्रे पालकांच्या लेखी संमतीशिवाय छापू नयेत. संग्रहाला कायमची जागा नसेल, तर मूळ वस्तू ग्रंथालयाकडे किंवा संग्रहालयाकडे देण्यापूर्वी त्यांची यादी, मालकी आणि पाहण्याच्या अटी लेखी ठरवून घ्याव्यात आणि नोंदवहीची एक प्रत पथकाकडे ठेवावी.