बॅरिटोन सॅक्सोफोन घेताना: आधी आवाज, मग माउथपीस, मग वाद्य

ड्यूक एलिंग्टनच्या जॅझ वाद्यवृंदात १९२७ ते १९७४ वाजवणारा हॅरी कार्नी आणि १९५२ साली पियानोशिवाय चौकडी उभी करणारा गेरी मलिगन, दोघांनीही बराच काळ कॉन कंपनीचा बॅरिटोन वाजवला. तरी कार्नीचा आवाज रुंद आणि भरदार, तर मलिगनचा हलका, कोरडा. तिसरा बॅरिटोनवादक पेपर अॅडम्स सेल्मर कंपनीच्या वाद्यावर बर्ग लार्सन कंपनीचं माउथपीस लावायचा. त्याचा आवाज धारदार, चावरा. वाद्याचा वाटा असतोच, पण आवाजाचा रंग ठरवण्यात माउथपीस (तोंडात धरायचा भाग), रीड (त्यावर बसणारी वेताची पातळ पट्टी) आणि ओठ यांचा हात मोठा. म्हणून वाद्याच्या लॅकरवर, म्हणजे चमकत्या लेपावर, भाळण्याआधी कोणासारखा आवाज हवा ते ठरवा.

माउथपीस हातात घेऊन टोकाकडून आत डोकावा. रीडच्या समोरचा उतार म्हणजे बॅफल, त्यामागची पोकळी म्हणजे चेंबर. बॅफल उंच आणि टोकाजवळ असेल तर हवा जोरात जाते, आवाज उजळ आणि कापत जाणारा होतो. इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम्ससमोर फंक वाजवायचं असेल तर हेच हवं. बॅफल सपाट आणि चेंबर मोठं, गोल असेल तर आवाज जाड, मऊ येतो. मलिगनचं ‘गेल’ बनावटीचं आणि कार्नीचं ‘वुडविंड’ कंपनीचं माउथपीस मोठ्या चेंबरचंच. पाश्चात्त्य शास्त्रीय चौकडीसाठी सेल्मरचं सी स्टार किंवा व्हँडोरेनचं ऑप्टिमम घ्या. आवाज आटोपशीर राहतो आणि बाकीच्या तिघांत मिसळतो. धातूचं म्हणजे तिखट आणि रबराचं म्हणजे मऊ, हा समज सोडून द्या. फरक आतल्या आकाराचा आहे. धातूची माउथपीस बाहेरून बारीक असल्यामुळे तोंडात वेगळी लागतात, एवढंच.

टिप ओपनिंग म्हणजे रीडचं टोक आणि माउथपीसचं टोक यांतली फट. आल्टो या लहान सॅक्सोफोनवरून येणारे इथेच फसतात. मोठं वाद्य म्हणून मोठी फट घेतात, मग कडक रीड लावतात, आणि अर्ध्या तासात ओठ थकून खर्जातले सूर फाटायला लागतात. जॅझची सुरुवात ०.०९० ते ०.१०५ इंचांनी करा, म्हणजे साधारण २.३ ते २.७ मिमी, आणि रीड अडीच नंबरचं (हा नंबर कडकपणाचा). ०.११० ते ०.१३० इंच ही फट ज्यांचा दम तयार आहे त्यांच्यासाठी; तिथे रीड दोन किंवा अडीच. माउथपीसच्या फटीचा एका कंपनीचा ७ नंबर दुसऱ्या कंपनीच्या ७ इतका नसतो, त्यामुळे नंबर न बघता इंच किंवा मिलिमीटर विचारा. बर्ग लार्सनवर ते सरळ लिहिलेलं असतं: ११०/१ मधले ११० म्हणजे ०.११० इंच, पुढचा आकडा चेंबरचा. तो ० ते ३ असतो आणि ० सर्वांत तिखट.

आता वाद्य. बॅरिटोन इ-फ्लॅटमध्ये, म्हणजे काळी दोनचं, आल्टोच्या एक सप्तक खाली. बोटं तीच. पहिला निर्णय वाद्याचा सर्वांत खालचा सूर कोणता हवा याचा: लो ए की त्याहून अर्धा सूर वरचा लो बी-फ्लॅट. हल्लीच्या बिग बँड आणि कॉन्सर्ट बँडच्या पार्टमध्ये लो ए येतोच; तो डाव्या अंगठ्याने वाजतो. बँडमध्ये बसणार असाल तर यात तडजोड नको. लो बी-फ्लॅटचं वाद्य हलकं, आणि अनेकांच्या कानांना खर्जात मोकळं वाटतं. छोट्या कॉम्बोला, म्हणजे मोजक्या वादकांच्या बँडला, ते उत्तम. कधीमधी लो ए लागलाच तर बेलमध्ये, म्हणजे वाद्याच्या रुंद तोंडात, पुठ्ठ्याची नळी खोचतात. मात्र नळी असेपर्यंत बी-फ्लॅट मिळत नाही, आणि नळीची लांबी ट्यूनरवर कापत कापत जुळवावी लागते.

नवशिक्याने आधुनिक लो ए घ्यावा: यामाहा वायबीएस-६२ किंवा यानागिसावा. बोटांना सोपे, सुरात नेमके. कॉन, बूशर या कंपन्यांच्या जुन्या वाद्यांचा आवाज मोहात पाडतो, पण कळा हाताला अवघड पडतात आणि माउथपीसच्या बाबतीत ही वाद्यं हट्टी असतात.

हा हट्ट नीट समजून घ्या. सॅक्सोफोन हा टोक कापलेला शंकू आहे. कापलेल्या टोकाची जागा माउथपीसच्या आतली पोकळी भरून काढते. पोकळी कमी पडली की वरचं सप्तक चढतं. मोठ्या चेंबरच्या हिशेबाने बांधलेल्या जुन्या वाद्यावर उंच बॅफलचं चिंचोळं माउथपीस लावलं, तर ते नेकच्या (माउथपीस बसतं त्या वाकड्या नळीच्या) कॉर्कच्या अगदी टोकाशी येऊन डुगडुगतं, वर पाम कीचे (तळव्याने दाबायच्या कळांचे) सूर चढतात आणि लो बी, बी-फ्लॅट थरथरतात. उलट माउथपीस शेवटपर्यंत आत ढकलूनही सूर उतरलेलाच राहिला, तर पोकळी जास्त आहे. तपासायचं असं: दहा मिनिटं वाजवून वाद्य गरम करा, ट्यूनर लावून खालचा जी सुरात आणा, मग ओठ न हलवता ऑक्टेव्ह की (सूर एक सप्तक वर नेणारी कळ) दाबून वरचा जी बघा. एचंही तसंच करा. मधल्या डीवर जाऊ नका, तो बहुतेक वाद्यांत थोडा चढाच असतो. जी आणि ए दोन्ही बरेच चढत असतील तर माउथपीस जुळत नाही.

त्याआधी दोष ओठांचा नाही ना, तेही बघा. नुसतं माउथपीस फुंका: शास्त्रीय वाजवणाऱ्याचा सूर पियानोवरच्या डीच्या, म्हणजे ५८७ हर्ट्झच्या आसपास यावा, जॅझवाल्यांचा त्याहून खाली असतो. त्याच्या बराच वर गेला तर तुम्ही आल्टोसारखं चावताय.

जुनं वाद्य घेताना लो बी-फ्लॅट अगदी हळू वाजवून बघा. जोर लावल्यावरच निघत असेल तर कुठेतरी गळती आहे. सिगारेटच्या पातळ कागदाची पट्टी छिद्र झाकणाऱ्या पॅडखाली ठेवून की हलकी दाबा आणि पट्टी ओढा. चारही बाजूंना सारखी अडकली पाहिजे. एका बाजूने सुळकन निघाली तर पॅड किंवा कीचा दांडा वाकलाय. मग ऑक्टेव्ह की धरून जी-ए-जी करा, कारण तिथे एक छिद्र मिटून दुसरं उघडतं. सूर अडखळला तर ती यंत्रणा ढिली आहे. वरच्या वेटोळ्यावर पोचे आहेत का, आणि नेक खाली दबलाय का ते पाहा. गुरगुर ऐकू आली तर घाबरू नका, वेटोळ्यात पाणी साचलंय. तिथली पाण्याची की उघडून फुंका. सगळे पॅड बदलायचा खर्च मात्र आल्टोपेक्षा बराच जास्त येतो. तो आधी विचारून घ्या आणि किमतीतून वळता करा.

माउथपीस तुलनेला घ्याल तेव्हा रीड आणि लिगेचर (रीड घट्ट धरणारी पकड) तेच ठेवा, आणि फोन तीन मीटर दूर ठेवून रेकॉर्ड करा. हाडांतून ऐकू येणारा आवाज वाजवणाऱ्याला फसवतो. लो एचं वाद्य सहा किलोच्या आसपास भरतं, त्यामुळे गळ्यातला पट्टा नको, दोन्ही खांद्यांवरचा हार्नेस घ्या. कोकणात, गोव्यात, मुंबईत पावसाळ्यात रीडला बुरशी धरते: वाजवून झाल्यावर पुसून सपाट पट्टीवर वाळवा, ओलं डबीत कोंबू नका.