म्हाताऱ्या माणसांची खाज: आधी बघा, मग लावा

गेल्या संक्रांतीच्या सुमारास आई रात्र रात्र खाजवायची. ‘वयच झालंय आता,’ असं तीच म्हणायची आणि आम्हीही ऐकून सोडून द्यायचो. एकदा लुगडं वर सरकवून पाहिलं, तर दोन्ही नडग्यांवर माशासारखे पांढरे खवले, त्यावर नखांचे ओरखडे आणि सुकलेलं रक्त. मेडिकलवरून ट्यूब आणली. चार दिवस आराम पडला, मग खाज दुप्पट. म्हणून सांगते, ट्यूब आणण्याआधी माणसाला उजेडात बसवून नीट बघा.

खाज नडग्या, पाठ, कमरेवर आणि कातडीला कोंडा सुटलेला असेल तर बहुधा तो कोरडेपणा. वयानं कातडीतला तेलकटपणा कमी होतो, त्यात मराठवाड्याची कोरडी थंडी, बोअरचं जड पाणी आणि बंबातलं कढत पाणी. आईला कढत पाण्याशिवाय अंघोळ झाल्यासारखी वाटत नसे, वर वजरीनं घासणं. आधी वजरी बंद केली. पाणी कोमट, अंघोळ पाच-दहा मिनिटांत, साबण फक्त काखा, जांघा आणि पावलांना. अंग टिपून घ्या, रगडू नका, आणि ओलसर असतानाच खोबरेल किंवा साधं व्हॅसलीन लावा. रात्री परत एकदा. तळपायांना लावलंत तर मोजे घाला, फरशीवर पाय घसरून खुबा मोडला तर म्हातारं माणूस अंथरुणाला खिळतं. नखं कापा. लोकरीचं घोंगडं थेट अंगाला नको, आत सुती वाकळ घाला. आईला पंधरा दिवसांत फरक पडला.

खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती, जांघेत बारीक पुरळ आहे आणि घरातलं आणखी कुणी खाजवतंय? मग खरजेची शंका घ्या. इथं घरोघरी एकच चूक होते: औषध फक्त आजोबांना लावतात. डॉक्टर बहुधा ५ टक्के परमेथ्रिनचं मलम देतात. ते घरातल्या सगळ्यांनी, खाज नसलेल्यांनीही, एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, सकाळी धुवायचं आणि सहसा आठवड्यानं पुन्हा. म्हाताऱ्यांना डोक्याला, कानामागंही लावायला सांगतात. गर्भवती आणि तान्ह्या बाळासाठी डॉक्टरांना वेगळं विचारा. कपडे, चादरी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. खरजेचे बारीक किडे मेले तरी खाज दोन-चार आठवडे राहू शकते, तेवढ्यासाठी मलम थापत बसू नका.

शेतात जाणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या पापण्या, मान, कोपरांच्या घड्या लाल होऊन खाजत असतील तर गाजरगवत आठवा. बांधावरचं हे गवत उपटायचं काम त्यांना देऊ नका. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, घरी आल्यावर लगेच तोंड-हात धुवा.

गोल, कडेला लाल, मधे फिकट चट्टा म्हणजे बहुतेक गजकर्ण. स्टिरॉइड मिसळलेल्या ट्यूबनं तो आधी दबतो, मग पसरतो. आणि खाजेसाठी झोप आणणारी गोळी परस्पर देऊ नका. रात्री लघवीला उठताना म्हातारं माणूस तोल जाऊन पडतं, पुरुषांची लघवीही अडकू शकते.

अंगाच्या एकाच बाजूला दुखरे फोड आले तर ती बहुधा नागीण. तिला मंत्र-उतारा नको, ७२ तासांच्या आत औषध सुरू झालेलं बरं. डोळ्याजवळ असेल तर त्याच दिवशी जा. मोठे पाणीदार फोड, डोळे पिवळे, ताप, तोंडात फोड, कातडी सोलवटणं, यातलं काहीही दिसलं तरी थांबू नका. पुरळ नसताना अंगभर खाज आठवडे चालली तर शुगर, किडनी, लिव्हर, थायरॉइड तपासून घ्या. संभाजीनगरच्या घाटी या सरकारी दवाखान्यात, अंबाजोगाई, लातूर, नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजांत त्वचारोग विभाग आहेत.

जाताना बीपी-शुगरच्या गोळ्यांसकट घरातली सगळी औषधं आणि लावलेल्या ट्यूबा एका पिशवीत घालून न्या. एखाद्या नव्या गोळीनंच पुरळ उठलं असेल, तर ते त्या पिशवीतून कळतं.