पुण्याला सकाळी जाऊन रात्री परत? या चुका टाळा

निपाणीतून पुणं साधारण २७० किलोमीटर, बेळगावातून ३४०. "हायवेच तर आहे, पाच तासांत टेकवतो," असं घरात कुणीतरी म्हणतं आणि घोळ तिथूनच सुरू होतो. आमच्यात हे भाऊजी म्हणाले होते. तसे ते चुकले नाहीत. निपाणी ते कात्रज पाच तासच लागले. पण कात्रज ते तुळशीबाग, गाडी लावण्यासकट, आणखी दोन तास गेले. म्हणून किलोमीटर मोजून बेत आखू नका. पुण्यात शिरल्यावर हिशेब तासांचा असतो.

दुसरी चूक यादीची. आमची यादी अशी होती: दगडूशेठ, शनिवारवाडा, तुळशीबाग, कात्रजचं प्राणिसंग्रहालय आणि वाकडला नणंदेकडं जेवण. कात्रज आणि वाकड ही पुण्याची दोन टोकं आहेत, हे नकाशात दिसतं, पण उत्साहात कोण बघतो! त्यात आम्ही गेलो बुधवारी. प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं. धाकट्यानं बंद गेटाच्या गजाला धरून विचारलं, "वाघाला पण सुट्टी आहे?" सासूबाईंना हसू आवरेना, मला मात्र रडू. एका दिवसात जुन्या शहरातल्या पेठा तरी करा, नाही तर कात्रजची बाजू तरी. नातेवाइकांना दगडूशेठलाच बोलवून घ्या, कुंदा तिथंच द्या.

वार ठरवताना एक गणित लक्षात ठेवा. शनिवारी सकाळी गर्दी पुण्याबाहेर पडते आणि खंबाटकी घाटात तुंबते, रविवारी संध्याकाळी ती पुण्याकडं परतते. आपण नेमके उलट्या दिशेनं असतो. त्यामुळं रस्त्यापुरता रविवार आपल्या सोयीचा, तुळशीबागेतली रेटारेटी सोसायची तयारी असेल तर. शुक्रवारी संध्याकाळी पुण्यातून निघणं मात्र टाळाच. गणपती-दिवाळीच्या आदल्या दिवसांत तर बोलायलाच नको. आणि आपल्या भागाला वेगळं सांगायला नको, पण १ नोव्हेंबर (कर्नाटक राज्योत्सव, सीमाभागातला काळा दिवस) आणि डिसेंबरातलं कर्नाटक विधिमंडळाचं बेळगावचं अधिवेशन या दिवसांत राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर काय चाललंय ते आदल्या रात्री विचारून घ्या. तिथं बंदोबस्त लागला की वेळेची खात्री नाही.

फास्टॅगमध्ये किती पैसे आहेत ते घरातून निघण्याआधी बघा, टोलच्या रांगेत उभं राहून नव्हे. कोगनोळी, किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर असे पाच टोल निपाणीकरांना लागतात, बेळगावकरांना त्याआधी हत्तरगी. टॅग चालला नाही तर यूपीआयनं सव्वापट. चोवीस तासांत परतलात तर दोन्ही वेळचे मिळून एकेरीच्या दीडपट जातात, म्हणजे एका दिवसाच्या ट्रिपचा तेवढा फायदा. पीयूसी आणि विमा संपलेला नाही ना, हेही बघा.

आता नाश्ता. कराडजवळ थांबून आम्ही सगळ्यांनी तर्रीदार मिसळ चापली. खंबाटकीचा बोगदा संपला की पुढं उताराचं वळण आहे, तिथं मोठ्याला गाडी लागली. उलटीची पिशवी मागच्या डिकीत, सामानाखाली! ज्यांना गाडी लागते त्यांना कोरडी चपाती किंवा भडंग द्या, पुढच्या सीटवर बसवा आणि पिशवी हाताशी ठेवा. लघवीसाठी थांबायचं ठिकाण मात्र गरज पडण्याआधीच ठरवा, कारण सासूबाईंसारखी माणसं "आता नको, पुढं बघू" म्हणत अंग चोरून बसतात. दर दोन तासांनी कुणी मागो न मागो थांबा. शेंद्रे-कागल सहापदरीकरणाचं काम चालू आहे तोवर वळणरस्त्यांसाठी अर्धा-पाऊण तास जास्तीचा धरा.

शहरात शिरायच्या जागेवर सगळ्यात जास्त चुका होतात. शिंदेवाडीला दोन वाटा फुटतात. जुन्या कात्रज घाटातून गेलात तर थेट कात्रज चौक, पुढं स्वारगेट. नव्या बोगद्यातून गेलात तर आंबेगाव, नवले पूल आणि तिथून वाकडकडं जाणारा बाह्यवळण रस्ता. मॅप जे सांगेल ते, असं करू नका, आधी ठरवून घ्या. बोगद्यातून गेलात तर बाहेर पडल्यापासून नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. इथं मोठे अपघात झालेत. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकणारे ट्रकवाले मागून येत असतात, त्यांचे ब्रेक तापलेले असतात. तुम्ही गिअरमध्येच राहा, वेग कमी ठेवा आणि अचानक लेन बदलू नका. वळायचं ठिकाण हुकलं तर हुकलं. भाऊजींनी तिथं गाडी रिव्हर्स घ्यायचा विचार केला होता, सासूबाईंनी मागून एकच शब्द उच्चारला, "चला!" वारज्यापर्यंत जाऊन पुलाखालून फिरून आलो. पंचवीस मिनिटं गेली, पण सगळे धड राहिलो.

गाडी पेठांत नेऊच नका, हे माझं स्पष्ट मत आहे. पुण्यात कित्येक रस्त्यांवर पार्किंग सम-विषम तारखेनुसार बाजू बदलतं. पी-१, पी-२ असे फलक असतात आणि आपल्याकडं ती सवय नसल्यानं नजर तिकडं जात नाही. आमच्या चाकाला जॅमर लागला तेव्हा मी आधी गाडीच्या केए (कर्नाटकच्या) पाटीला दोष दिला, मग फलक वाचला. मंडईजवळ वाहनतळ आहेत, पण सुट्टीच्या दिवशी अकरा वाजायच्या आत पोचलात तरच. त्यापेक्षा धनकवडी-बिबवेवाडीकडं कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्या सोसायटीत गाडी ठेवा, रिक्षानं स्वारगेटला या आणि मेट्रोनं एकच स्टेशन पुढं मंडईला उतरा. २०२४ च्या सप्टेंबरपासून स्वारगेटची ही मेट्रो चालू आहे. तुळशीबाग आणि दगडूशेठ तिथून चालत. पोरांना वाघापेक्षा ती जमिनीखालची गाडीच जास्त आवडली.

परतीची वेळ जेवणानंतर ठरवू नका, घरातूनच ठरवून निघा. पाच वाजता पुणं सोडायचं म्हणजे चारलाच पिशव्या गोळा करायला लागायचं, कारण एक साडी बदलून घ्यायची राहिलेलीच असते. पाच तासांहून जास्त गाडी चालवणारा माणूस दुपारी जेवून झोपलेला नसतो, हे बाकीचे घोरताना विसरतात. दोघांना चालवता येत असेल तर साताऱ्याला माणूस बदला. पुढं बेळगावपर्यंत जायचं असेल तर तवंदी घाट तुम्ही पहाटे अंधारात उतरलेला असता आणि रात्री झोपेत चढणार असता. डोळा लागतोय असं वाटलं की चहानं भागत नाही, टोलनाक्याजवळ दिव्याखाली गाडी उभी करून वीस मिनिटं झोपा.

सात वाजले तरी पुण्यातच असाल तर निघू नका, मुक्काम करा. नणंदेला आधीच कल्पना देऊन ठेवा आणि मोठ्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या दोन दिवसांच्या घ्या. आम्ही एकाच दिवसाच्या घेतल्या होत्या. वाकडात रात्री अकरा वाजता औषधाचं दुकान शोधत फिरलो, आणि चिठ्ठी निपाणीला कपाटात.